उकिरडा कुठे आहे?

वाटीच्या बुडाला हिरवं पान छापलेलं आहे. पानाभोवती गोलात लिहिलंय, ही वाटी मातीत मिसळून जाते.

कोणत्या मातीत?

ते वाटीवर लिहिलेलं नाही, खोक्यावरही नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "ताई, सरकारमान्य आहे." असेलही. पण माझा प्रश्न मातीचा होता.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत चार वस्तू पुरल्या. पळसाची पत्रावळ. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, वाटी. टपरीवरचा चहाचा कागदी कप. आणि दांड्यावर 'कंपोस्ट होतो' असं कोरलेला पांढरा चमचा. कुंडीत माती, शेणखत, गांडुळं. पाणी रोज.

दसऱ्याला कुंडी उकरली.

पत्रावळीच्या चोया हाताला लागल्या, पान नाही. वाटीचा तळहाताएवढा तुकडा उरला होता. चिमटीत धरला तर लगदा झाला. कपाचा कागद मातीत गेला होता, पण आतला पातळ पापुद्रा सापाच्या कातेसारखा कपाच्याच आकारात शाबूत होता. चमचा नळाखाली धरला. नवा कोरा.

तरी चमच्यानं फसवलं असं म्हणता येत नाही.

तो पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचा. मक्यातल्या किंवा उसातल्या साखरेपासून ते बनवतात. जन्म शेतातला, वागणूक प्लॅस्टिकची. असा माल कुजतो की नाही, हे ठरवायला आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. चाचणीत वस्तूचे तुकडे सुमारे ५८ अंश सेल्सिअसला, हवा खेळती ठेवलेल्या कंपोस्टात ठेवतात. १८० दिवसांच्या आत तिच्यातल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बन डायऑक्साइड होऊन जायला हवा. चमचा या परीक्षेत पास होतो.

तुमच्या गॅलरीत ५८ अंश कधी होतात?

नागपूरच्या मे महिन्यातही होत नाहीत. तेवढी ऊब फक्त मोठ्या ढिगात धरते. ढीग ओला हवा, वर-खाली केलेला हवा, जिवाणूंनी भरलेला हवा. म्हणजे कुणीतरी रोज त्याच्याकडे बघायला हवं. मराठीत त्या ढिगाला शब्द आहे. उकिरडा.

आणि उकिरडा आपण गावाबाहेर, शहराबाहेर, शेवटी डोक्याबाहेर घालवला.

या सगळ्याची सुरुवात सगळ्यांना आठवते. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या नाल्यांतून प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या. २३ मार्च २०१८ ला राज्यानं बंदीची अधिसूचना काढली. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने तुरुंग. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर केंद्रानं देशभर बंदी घातली. ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या पेटीवरची फिल्मसुद्धा.

बंदी हवीच होती. पण थर्माकोलचं ताट उचलल्यावर त्या जागी काय येणार, आणि आलेलं ताट जेवणानंतर कुठे जाणार, हे ठरवायला कोण बसलं होतं?

कुणीच नाही. मग रिकाम्या जागेत जो आधी घुसला, त्याचं राज्य.

आधी घुसला तो चंदेरी द्रोण. सत्यनारायणाच्या प्रसादाला, भंडाऱ्याला, दिंडीतल्या अन्नदानाला तोच. त्यात चांदी नाही आणि पानही नाही. कागदाला चकाकणारी प्लॅस्टिकची फिल्म चिकटवलेली असते. रस्सा संपला की तो दहा मिनिटं पाण्यात भिजवा आणि कडेला नखानं सोला. कागद एका हातात येतो, फिल्म दुसऱ्या.

दुकानदार मात्र त्याला पत्रावळ-द्रोणच म्हणतो. प्लॅस्टिकनं जागा घेतली ती घेतली, नावही घेतलं.

दुसरा कागदी कप. कागदाला पाणी लागलं की तो फुगतो, म्हणून आत पॉलिथिलीनचा पातळ थर देतात. २०२० मध्ये खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं. त्यात सूक्ष्म प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार कण उतरले. असा थर दिलेल्या कागदी वस्तू राज्यानं २०२२ मध्ये बंदीच्या यादीत घातल्या.

कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत ती यादी कधी पोहोचणार?

तिसरा आपला जुना सोबती, वर्तमानपत्राचा कागद. तोही झाडाच्या तंतूंचाच. वडापाव, भजी, भेळ, सगळं त्यात. पण छपाईच्या शाईत अन्नात उतरू नयेत असे पदार्थ असतात आणि गरम तेल ते अलगद ओढून घेतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या वेष्टनाच्या नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. हे सदर वाचून झाल्यावर या पानात काहीही बांधा, पण खायचं बांधू नका.

आता बगॅसच्या वाटीकडे येते. तिच्याबद्दल माझं मत चांगलं आहे. म्हणूनच तिला जास्त प्रश्न विचारायला हवेत.

एका छोट्या कारखान्यात ती तयार होताना उभं राहून पाहिली. उसाच्या चिपाडातला मऊ भुसा आधी झाडून काढतात, कारण वाटीला ताकद देतात ते तंतू, भुसा नाही. तंतू शिजवून, धुऊन लगदा करतात. हा लगदा म्हणजे जवळजवळ पाणीच, शंभर भागांत तंतू एखादाच भाग. जाळीचा साचा त्यात बुडतो, खालून हवा ओढली जाते, पाणी निघून जातं आणि जाळीवर तंतूंची साय धरते. ती तापलेल्या दोन साच्यांत दाबली की वाफेचा फुस्स आवाज होतो आणि वाटी बाहेर. शेवटी एक बाई प्रत्येक वाटी ट्यूबलाइटसमोर धरते. उजेड जिथे जास्त, तिथे भिंत पातळ. ती वाटी परत लगद्यात.

गोंद लागत नाही. तंतू एकमेकांत गुंतून, सुकताना एकमेकांना घट्ट धरतात. सेल्युलोजचा हा गुण मला फार आवडतो.

आणि त्याच गुणात त्याचा दोष आहे. जे तंतू एकमेकांना पाण्याच्या साक्षीनं धरतात, ते पाणी परत आलं की सुटतात.

साधा वरण-भात वीस मिनिटांत संपतो, तोवर वाटी टिकते. पण आपण मागवतो काय? तर्रीवाली मिसळ, कोल्हापुरी रस्सा, पनीरची तेलकट ग्रेव्ही. स्कूटरवरून पाऊण तास. झाकण घट्ट. तंतूंनी हे सगळं सोसायचं असेल तर त्यांना कुठलं तरी चिलखत लागणार.

इथे घोडं पेंड खातं.

तेल आत मुरू नये म्हणून जगभर अशा वाट्यांत आणि कागदांत पीएफएएस जातीची रसायनं मिसळली गेली. फ्लोरीनची ही रसायनं निसर्गात जवळजवळ तुटतच नाहीत. अमेरिकेत ओरड झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं जाहीर केलं, की अन्नाच्या कागदी वेष्टनासाठीचे पीएफएएस असलेले तेलरोधक पदार्थ त्या देशाच्या बाजारात आता विकले जात नाहीत.

वाटी कुजणारी, आणि तिच्यात न कुजणारं रसायन. वाटी कुजली की ते जाणार कुठे? मातीत, विहिरीत आणि मग आपल्याच भाजीत.

म्हणून वाटी विकत घेताना हिरवं पान बघू नका. विक्रेत्याला एकच विचारा, यात पीएफएएस आहे का, आणि नसल्याचा कागद दाखवता का? प्रामाणिक उत्पादक दाखवतात. त्यांचा माल थोडा महाग असतो आणि त्याचं कारण त्या कागदावरच लिहिलेलं असतं.

दुसरा गोड गैरसमज. बगॅस फुकटचा कचरा आहे म्हणे.

कोणाच्या मते? एक टन ऊस गाळला की पाव टनाहून जास्त ओला बगॅस निघतो, आणि तो बॉयलरमध्ये जातो. त्यावर कारखाना चालतो, उरलेली वीज विकली जाते. साखर कारखान्याच्या आवारात बगॅसचा डोंगर दिसतो, पण तो टाकून दिलेला नसतो, राखून ठेवलेला असतो. त्यातून वाट्या करायच्या तर तेवढी उष्णता दुसरीकडून आणावी लागेल. कुठून? कोळशातून आणली, तर वाटीच्या बुडाचं हिरवं पान काळं पडायला हवं.

हा हिशेब मांडला तरी वाट्या कराव्यात असंच मी म्हणेन, पण हिशेब मांडून.

आणि हे बघा. ज्या कारखान्यातून हे तंतू निघतात, तिथली साखर कशात भरली जाते? १९८७ च्या ताग वेष्टन कायद्याखाली गेली कित्येक वर्षं धान्यासाठी १०० टक्के तागाची पोती आणि साखरेसाठी २० टक्के, असा नियम आहे. उरलेली बहुतेक साखर प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्यांत. वीस टक्क्यांच्या तागावरूनही कुरबुर होतेच. पोतं महाग पडतं, तागाचे धागे साखरेत उतरतात.

तक्रारी खऱ्या आहेत. त्या सोडवण्यासाठी कुणी किती डोकं चालवलं, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

तंतूंचा दुष्काळ आहे का? महाराष्ट्रात?

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावलकडे जा. केळीला घड एकदाच येतो. घड उतरला की ते खोड शेतकऱ्याच्या गळ्यात. कापायचं, ओढायचं, बांधावर टाकायचं, सगळी मजुरी खिशातून. त्या खोडात लांब, चिवट, रेशमासारखे तंतू आहेत. पण खोडाच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. म्हणजे ट्रॅक्टरभर खोड कारखान्याला नेलं तर भाडं पाण्याचंच भरलं. यंत्र बांधावर आलं, तंतू तिथेच निघाले आणि चोथा खत म्हणून त्याच शेतात राहिला, तरच गणित बसतं.

हे शेतकऱ्याला कळतं. योजना आखणाऱ्यांनी एकदा ते खोड स्वतः उचलून पाहावं.

विदर्भात पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की उभ्या काड्या उपटायच्या, थोड्या चुलीला, बाकीच्या पेटवायच्या. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून उभी आहे. पऱ्हाट्यांपासून फळ्या कशा करायच्या, यावर तिथे काम झालंय. सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू, म्हणजे नॅनोसेल्युलोज, बनवायचं प्रायोगिक संयंत्रही तिथे आहे. या सूक्ष्म तंतूंचा दाट थर तेल आणि हवा अडवू शकतो. म्हणजे चिलखतही झाडाचंच.

शास्त्र माटुंग्यात, पऱ्हाटी यवतमाळात, आणि मधे काडेपेटी.

कोकणात, गोव्यात पोफळीच्या विऱ्या. पोरं त्यावर बसून घसरगुंडी खेळतात ती विरी. धुऊन, भिजवून तापल्या साच्यात दाबली की झालं ताट. लगदा नाही, शिजवणं नाही, थर नाही. सगळ्यात सोपी रीत हीच, असं वाटायचं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कळवलं, की सुपारीच्या विऱ्यांची भांडी अन्नासाठी सुरक्षित मानता येणार नाहीत, कारण सुपारीच्या झाडातली अल्कलॉइड द्रव्यं अन्नात उतरू शकतात. परदेशी पाठवणारे हादरले.

विरोध करावा की मान तुकवावी? दोन्हींच्या आधी मोजावं. आपल्याच प्रयोगशाळेत, आपल्याच गरम वरणात, नेमकं किती उतरतं ते. आपल्याच झाडाबद्दल अमेरिकेनं प्रश्न विचारेपर्यंत थांबायचं कशाला?

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण आधी डोक्यातून काढा. धोतराही नैसर्गिक आहे.

आता कुणी म्हणेल, पूर्वी बरं होतं. मी तेवढं म्हणणार नाही. पण पूर्वी काय होतं ते नीट बघायला काय हरकत आहे?

फुलवाली अजूनही गजरा केळीच्या सोपटानं बांधते. सोपट पाण्यात भिजवून ठेवते, नखानं एक धागा उभा चिरते, दोन वेढे, एक गाठ. फुलं पळसाच्या पानात किंवा केळीच्या पानात गुंडाळून वर पुन्हा तोच धागा. पान फुलांना ओलावा देतं, फुलं दुपारपर्यंत तरतरीत राहतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत तीच फुलं घामेजतात आणि काळी पडतात. स्वस्तात स्वस्त वेष्टन, आणि मालाला सगळ्यात जास्त मानवणारं.

हापूसच्या पेटीत भाताचा पेंढा. तो धक्का सोसायचा, ऊब धरायचा, आंबा त्यातच पिकायचा. आंबे संपले की पेंढा गुरांपुढे. एका काडीनं तीन नोकऱ्या केल्या. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ज्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत मिळते, ती एकच करते. फळ दाखवते.

आणि पत्रावळ. पळसाला पानं तीनच, आणि त्या तीन पानांवर विदर्भ-मराठवाड्यात किती बायकांच्या चुली पेटल्या. उन्हाळ्यात पानं तोडायची, वाळवून थप्प्या लावायच्या. लागतील तशी पाणी शिंपडून मऊ करायची आणि चोयांनी टाचायची. मधे एक पान, भोवती फेर, कडेला दुमड. सराईत हात बोलता बोलता पत्रावळ लावून मोकळा होतो. मोबदला मात्र त्या हाताला कधीच धड मिळाला नाही. आज 'पर्यावरणपूरक' म्हणून तीच पत्रावळ शहरात दामदुप्पट विकली जाते. पान तोडणारीच्या हातात त्यातलं किती पडतं?

हा प्रश्न वाटीच्या बुडाला कुठेच छापलेला नसतो.

पत्रावळ मागे का पडली? प्लॅस्टिक स्वस्त होतं म्हणून, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं आपल्या गुडघ्यांत आहे. पत्रावळ जमिनीवर ठेवायची वस्तू. पंगतीत मांडी घालून बसलात, ताट समोर सपाट, वाढपी वाढतो, तुम्ही जेवता. पत्रावळीला वजन पेलावं लागत नाही, जमीन पेलते. मग बुफे आला. एका हातात ताट, दुसऱ्यात चमचा, वर पुलाव, गुलाबजाम आणि पापड. उभ्यानं जेवायला कडक ताट लागतं. थर्माकोल त्यासाठी आलं, बगॅसची ताटली त्यासाठीच आली.

ताट कशाचं हवं, हे आपण कसे उभे राहतो त्यावर ठरलं. हे कुठल्या धोरणात लिहिलंय?

पत्रावळीमागे आणखी एक गोष्ट होती, ती आपण विसरलो. उकिरडा. जेवणं झाली की पत्रावळी उचलून थेट तिथे. गाय दोन पानं खायची, कुत्रं चाटून जायचं, बाकी शेणात, राखेत, पाल्यात. वैशाखात ते खत शेतात. पत्रावळ कुजायची, कारण तिच्या कुजण्याची जागा गावात ठरलेली होती.

बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब उघडतं म्हणतात. आपल्या शहरांत नशीब उघडायला उकिरडाच शिल्लक नाही, डंपिंग ग्राउंड आहे.

दोन्हींत फरक काय? उकिरड्यात हवा असते, ढीग वर-खाली होतो, त्याचं खत होतं. डंपिंग ग्राउंडमध्ये कचऱ्यावर कचरा दाबला जातो, आत हवा पोहोचत नाही, आणि हवेविना कुजलं की मिथेन होतो. मुंबईचं देवनार १९२७ पासून हेच करत आलंय. मग आग लागते, धूर येतो, आजूबाजूच्या वस्त्या खोकतात. तुमची कुजणारी वाटी तिथे गेली तर ती कुजेलही. पण त्या कुजण्याचा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त तापवणारा.

वाटी तीच. जागा बदलली की पुण्याचं पाप होतं.

२०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करायला सांगितलं. बगॅसची रश्श्यानं भिजलेली वाटी कशात टाकायची? सोसायटीत विचारा, चार घरांत चार उत्तरं मिळतील. ओल्यात टाकली तर पुढे निवडणारी बाई ती प्लॅस्टिकसारखी दिसते म्हणून बाजूला काढते. बायोगॅसच्या टाकीत गेली तर तिथे शिळा भात काही दिवसांत पचतो, तंतू पचत नाहीत. सुक्यात टाकली तर भंगारवाला घेत नाही, कारण तिला भाव नाही. बाटलीला आहे, पुठ्ठ्याला आहे, हिला नाही. आणि पीएलएचा पेला बाटल्यांत मिसळला तर तो बाटल्यांचा मालही नासवतो.

रस्त्यावर सर्वांत जास्त पडून राहतं ते, जे वेचून पैसे मिळत नाहीत. कचरा वेचणारीला हे कळतं. तिला कुठल्या बैठकीला बोलावलं होतं?

आणि खोट्या मालाचं काय करायचं? पिशवीची जाडी निरीक्षकाला जागेवर मोजता येते, मिनिटभराचं काम. ती कुजेल की नाही, हे कळायला सहा महिने आणि प्रयोगशाळा लागते. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं नियमांत लिहिलं, की जैवविघटनशील म्हणवणाऱ्या प्लॅस्टिकनं मागे सूक्ष्म प्लॅस्टिक ठेवता कामा नये. चांगलं लिहिलं. पण बाजारात हिरव्या शाईनं 'कंपोस्टेबल' छापलेली साधी पिशवी आणि खरी पिशवी शेजारी ठेवली, तर तुम्ही-मी काय, निरीक्षकही ओळखणार नाही.

तपासायला सहा महिने लागतात अशी गोष्ट छापायला सहा सेकंद लागतात.

मला विचाराल तर एकच अट घाला. जो कुणी 'कुजणारं' विकेल, त्यानं ते कुठे कुजतं, त्या जागेचा पत्ता छापावा. घरच्या कुंडीत कुजतं तर तसं लिहा आणि किती महिन्यांत ते लिहा. ५८ अंशांच्या संयंत्रातच कुजतं तर ते संयंत्र कोणत्या शहरात आहे, तिथे माल परत कोण नेणार, ते लिहा. पत्ता नसेल तर हिरवं पानही नको. आणि महापालिकांनी दर प्रभागात एक सांभाळलेला ढीग उभारावा, झाडांचा पालापाचोळा, मंडईतला भाजीचा कचरा आणि या वाट्या एकत्र. त्याला कंपोस्ट केंद्र म्हणा, हवं ते म्हणा. मी उकिरडाच म्हणेन.

जागा नाही, वास येतो, लोक तक्रार करतात, ही उत्तरं पाठ आहेत. दाबलेल्या कचऱ्यालाही वास येतो. फक्त तो दुसऱ्यांच्या वस्तीत येतो, म्हणून आपली तक्रार नसते.

भाचीचं लग्न वैशाखात आहे, तालुक्याच्या गावी. मागच्या आठवड्यात आचाऱ्याला फोन केला. चंदेरी द्रोण नको, कागदी कप नको, पाण्याला स्टीलचे पेले, ते घासायला दोन बायका वेगळ्या, त्यांची मजुरी आम्ही देऊ. उष्ट्या पत्रावळी दादाच्या शेतात जातील, खड्डा खणून ठेवलाय, शेण टाकलंय. हे सगळं त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं.

"पळसाच्या पत्रावळी मिळतील ना?"

"मिळतील की. आठ दिवस आधी सांगा, बायकांना लावायला वेळ लागतो. पण ताई, जेवण उभ्यानं की बसून?"

"बसून."

तो थोडा थांबला. मागे कुणाला तरी काही विचारलं.

"मग वाढपी आठ जास्त लागतील."

"लावा," म्हटलं.